गावात दगड, हायवेला होडी : स्पोर्ट्स कारचे शॉकअप गेलेत का? (सातारा)

पायथ्याशी

मंडळी, नमस्कार. इथल्या गाड्यांच्या चर्चा बहुतेक मायलेज आणि सीएनजीवर असतात, त्यामुळं हा धागा जरा वेगळा वाटेल. गेल्या दिवाळीला एक जुनी हौस भागवली. पुण्यातून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. जर्मन, दोन दारांची, टर्बो पेट्रोल, २०११ ची, ६८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'आमची भारी का तुमची' सुरू होतं आणि प्रश्न तिथंच राहतो.

तर प्रश्न असा. गावात गाडी दगड आहे. पोवई नाक्याहून गोडोलीला पोचेपर्यंत पाठीचे मणके मोजून होतात. पण हीच गाडी हायवेला लागली, लिंब खिंड गेली, आनेवाडीचा टोलनाका मागं पडला आणि काटा ८५-९० वर आला की होडी होते. नाक वर, नाक खाली, नाक वर. भुईंजजवळ कृष्णेचा पूल येतो, त्याच्या तोंडाशी एकदा उसळली की खाली येऊन पुन्हा उसळते, मग तिसऱ्यांदा. शेजारी बसलेल्या मेव्हण्यानं परवा दार घट्ट धरलं होतं. गंमत म्हणजे काटा आणखी थोडा पुढं गेला की डोलणं कमी वाटतं.

खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उताराला जे एस वळण आहे तिथं मात्र घाबरलो. वेग काही फार नव्हता. स्टिअरिंग वळवलं, पुढचं तोंड वळलं, आणि ढुंगण जरा वेळानं आलं. ज्यांनी ती जागा बघितली आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

पुण्यातल्या एका वर्कशॉपनं चाक न काढताच 'चारही बदला' सांगितलं, आकडा ऐकून मी चहा न पिताच उठलो. इथल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, 'कशाला बदलताय, तेल भरून देतो की, नगाला चार हजार.' आता काय करू?

ऊसाचं टिपरू

लका, आधी गाडीचा फोटो टाक. मग शॉकअपचं बघू.

बाकी तुझी गाडी डोलती म्हणून तू रडतोयस. माझ्या ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या असतात उसानं भरलेल्या, त्या तर कारखान्यापर्यंत फुगडी घालत जातात. हघ्या (हलकेच घ्या).

शंभरफुटी

मी सांगलीचा. शंभर फुटी रोडला गेली बावीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, त्यामुळं सवयीनं आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतो : 'गावात दगड, हायवेला होडी.' बहुतेक लोक इथंच फसतात. गाडी कडक आहे म्हणजे शॉकअप चांगले आहेत, असं धरून चालतात. कडकपणा येतो स्प्रिंगचा, बारीक काठाच्या टायरचा आणि हवेचा. शॉकअपचं काम वेगळं. स्प्रिंग दबली की ती उसळणार, उसळली की परत दबणार, हा खेळ थांबवायचं काम शॉकअपचं. ते मेले तरी गाडी खड्ड्यात तेवढीच आदळते, फक्त आदळल्यावर गप बसत नाही.

म्हणून कोपरा दाबून, सोडून, किती वेळा हलते ते मोजायची जुनी पद्धत तुमच्या गाडीवर चालणार नाही. ती ॲम्बेसेडरला ठीक होती. तुमची स्प्रिंगच एवढी टणक की माणसाच्या वजनानं चार बोटं दबायची नाही. आणि हातानं दाबताना दांडा सावकाश सरकतो, पुलावर तो झटक्यात सरकतो. सावकाश सरकताना बरा वाटणारा शॉकअप झटक्याला पाणी झालेला असू शकतो.

त्यापेक्षा हे करा. चाकं काढा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पातळ घाम असेल तर घाबरू नका, दांड्यावरून थोडं तेल बाहेर येतंच. पण अंग ओलं, त्यावर मातीचा चिखल चिकटलेला, खालच्या आर्मवर ओघळ, असं असेल तर तो गेला. कोरडा दिसला म्हणून जिवंत आहे असंही नाही. आतली झडप किंवा पिस्टनचं सील झिजलं तर बाहेर थेंबही येत नाही.

दुसरं, टायरवरून तळहात गोल फिरवा, पूर्ण वेढा. लाटा लागतात का? एक उंच, एक खोल, एक उंच. लागल्या तर कळवा.

तिसरं, रात्री कुणालातरी मागून तुमच्या गाडीमागं यायला सांगा आणि मागचं चाक बघायला सांगा. खराब रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून चालतंय का टप्पे घेतंय, ते मागच्या गाडीच्या उजेडात स्वच्छ दिसतं.

तेल भरायचं मात्र नाव काढू नका. त्यावर वेगळं लिहितो, आत्ता एक गाडी रॅम्पवर आहे.

बलाबल

रोचक धागा. मी यंत्रशास्त्र शिकवतो, त्यामुळं '९० लाच का' या प्रश्नानं मला झोप लागेना. कागदावर मांडून बघितलं.

प्रत्येक गाडीची स्प्रिंगवर वर-खाली होण्याची स्वतःची एक लय असते. साध्या कुटुंबाच्या गाडीची सेकंदाला एक ते सव्वा वेळा, स्पोर्ट्स कारची दीडच्या आसपास किंवा थोडी वर. दीड धरू. ताशी ९० म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर. २५ भागिले दीड, म्हणजे साधारण १७ मीटर. अर्थात ज्या रस्त्यावर दर १६-१७ मीटरला हलकासा चढउतार आहे तिथं तुमची गाडी ९० ला नेमकी आपल्या लयीत हलवली जाते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का देत राहिलं की तो चढत जातो, तसंच. वेग वाढवला की धक्के लयीच्या पुढं निघून जातात आणि डोलणं कमी वाटतं. शॉकअप धडधाकट असेल तर हे सगळं होतं, पण तुम्हाला जाणवत नाही, कारण प्रत्येक धक्क्याची शक्ती तो तेलातून पिस्टन ढकलत उष्णतेत जिरवून टाकतो. घाट उतरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो, तो त्यामुळं.

आता काळजीचं. 'पुढं गेलं की शांत वाटते' यावर विसंबू नका. अंग शांत असतं, चाक नसतं. चाक, ब्रेक, हब या सगळ्या खालच्या वजनाची लय निराळी, सेकंदाला १० ते १५ वेळा. तुमच्या टायरचा साइज काय? २५५/३५ आर १९ असेल तर त्याचा घेर सुमारे २.०८ मीटर भरतो. २५ मीटरला २.०८ नं भागा : सेकंदाला १२ फेरे. म्हणजे ९० ला चाक ज्या लयीत फिरतं ती जवळजवळ त्याच्या उड्या मारण्याचीच लय आहे. बॅलन्सिंगमध्ये थोडी चूक असली आणि शॉकअप मेलेला असला तर चाक दर फेऱ्याला एक बारीक उडी मारतं. शंभरफुटी ज्या लाटा शोधायला सांगतायत त्या अशा पडतात. आणि चाक हवेत असेल तेवढा वेळ ना ब्रेक, ना वळण.

खंबाटकीच्या वळणावर मागचं अंग उशिरा आलं त्याचाही उलगडा यात आहे. वळताना वजन एका बाजूला सरकतं. ते एकूण किती सरकणार हे गाडीच्या वजनाच्या मध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि वळणातला वेग ठरवतात, त्यातलं पुढच्या-मागच्या चाकांना किती हे स्प्रिंग आणि अँटिरोल बार (वळताना गाडी कलू न देणारा दांडा). किती भरकन सरकणार ते शॉकअप ठरवतो. तो नसला की वजन आधी धावतं, पलीकडं जाऊन आपटतं, परत येतं. एस वळणात तर पहिलं वजन जागेवर यायच्या आत दुसरीकडं न्यायची वेळ येते.

पुलाच्या तोंडाचं म्हणाल तर तिथं दोष रस्त्याच्या स्वभावाचा. पूल पायावर उभा असतो, त्याला टेकलेला मातीचा भराव वर्षानुवर्षं बसत जातो. मध्ये पायरी पडते. आपल्या भागात पूल मोजायला नकोत.

कृष्णाकाठची

बलाबल सर, वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या वेळी असं शिकवलं असतं तर!

मी दर आठवड्याला सांगली-सातारा करते. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतच्या रस्त्यानं काही वर्षं जे दिवस दाखवले त्यात माझ्या साध्या हॅचबॅकचे दोन शॉकअप कामी आले, त्यामुळं थोडं अनुभवाचं. मला पहिल्यांदा जाणवलं ते ब्रेकवर. खडबडीत जागी ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) लवकर गुरगुरायला लागायचं, पायाखाली टकटक, आणि गाडी काही थांबायची नाही. मी दोनदा ब्रेकपॅड बदलले. दोष पॅडचा नव्हताच, चाकं उड्या मारत होती. पायथ्याशी, तुम्हालाही असं होतं का?

आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी घेऊन रोज पुण्याला जाऊ नका हो. चौपदरीला वेगाची वरची मर्यादा जेवढी आहे तेवढ्यानं गेलंच पाहिजे असं नाही.

पायथ्याशी

ताई, हो! एबीएसचं तंतोतंत. मी मनात एबीएसचा सेन्सर धरून बसलो होतो.

सर, टायर २५५/३५ आर १९ च आहे. तुम्ही ओळखलंत कसं?

आज सकाळी मेव्हण्याला घेऊन चाकं काढली (दार धरल्याची भरपाई). सापडलं ते असं :
मागच्या दोन्ही टायरला आतल्या कडेला लाटा आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत, तळहाताला लागतात. पुढचा डावा शॉकअप ओला, चिखल चिकटलेला. बाकी तीन कोरडे. मागच्या उजव्या शॉकअपच्या अंगावर कडेला वेल्डिंगचा एक टिपका आहे, त्यावर काळा रंग मारलाय. स्प्रिंगा लाल रंगाच्या आहेत. कंपनीच्या लाल असतात का? आणि टायरमध्ये हवा ४२ होती. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३४ लिहिलंय.

शंभरफुटी

गाडीची कुंडलीच मांडलीत तुम्ही.

लाल स्प्रिंगा बाहेरच्या आहेत. आधीच्या मालकानं गाडी बसकी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा टाकल्या आणि शॉकअप मूळचेच ठेवले. यात काय होतं, गाडी तीस मिलिमीटर खाली बसली तर शॉकअपचा दांडाही कायम तेवढा आत राहतो. खाली जायला जी जागा होती ती संपली. जरा खड्डा आला की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे त्या दांड्यावरच्या रबरी गुटक्यावर बसते. गोडोलीला तुमचे मणके मोजतो तो हा गुटका, त्यात ४२ ची हवा. बंप स्टॉपच बघा जागेवर आहेत का. बऱ्याचदा पोरं ते कापतात, गाडी आणखी खाली बसावी म्हणून.

वेल्डिंगचा टिपका : हेच ते 'तेल भरून देतो'. शॉकअप बंद डबा असतो. त्याला भोक पाडायचं, हाती लागेल ते तेल भरायचं, भोक वेल्डिंगनं बुजवायचं. आतल्या झडपा ठराविक पातळपणाच्या तेलासाठी असतात, ते मोजायची सोय त्या टपरीत नसते. आत दाबानं भरलेला नायट्रोजन भोक पाडताक्षणी फुस्स होतो. ड्रिलचा लोखंडी चुरा आत राहतो, वेल्डिंगची आच सीलला लागते. महिनाभर गाडी छान वाटते, कारण जाड तेलानं नुसतीच टणक झालेली असते. नगाला चार हजार देऊन चार महिन्यांनी तुम्ही परत याच धाग्यावर याल.

शॉकअप उघडून दुरुस्त करताच येत नाही असं नाही. मुळातच खोलता येतील असे बनवलेले असतात, त्यांचं सील बदलतात, तेल बदलतात, गॅस भरतात, मशीनवर लावून किती जोर देतो ते तपासतात. पण ते तसल्या शॉकअपचं तसल्या वर्कशॉपमध्ये व्हायचं काम. तुमचे त्यातले नाहीत.

घाटवेडा

एवढं कशाला? सरळ कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड) टाका चारी बाजूला. उंची आपल्या हातात, कडकपणा आपल्या हातात. यवतेश्वर घाटात गाडी रुळावर धावल्यासारखी जाईल. कासला जाताना मला आठवण काढा.

शंभरफुटी

घाटवेडा, कॉइलओव्हर वाईट नाहीत, मी स्वतः बसवतो. पण यांचा त्रास 'अजून कडक हवी' हा नाही. आपल्याकडं स्पीडब्रेकरला पट्टे नसतात, गावागणिक त्याची उंची वेगळी, उसाच्या दिवसांत रस्त्यावर टिपरं आणि चिखल. इथं चाकाला खाली-वर जायला जागा लागते. ट्रॅकचं सस्पेन्शन ट्रॅक सपाट असतो म्हणून चालतं. रस्ता खडबडीत असेल तर अति कडक शॉकअपही चाक उडवतो, मेलेल्यासारखंच.

घाटवेडा

म्हणजे स्पोर्ट्स कार घेऊन बैलगाडीसारखी चालवायची? मग घेतली कशाला?

बलाबल

बैलगाडीला शॉकअप नसतो, म्हणूनच ती हळू चालते :)

कडक म्हणजे वेगवान हा समज शर्यतीतल्या लोकांनीच खोटा पाडलाय. १९९२ ला विल्यम्सच्या फॉर्म्युला वन गाडीनं मोसम गाजवला आणि नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला. त्या गाडीच्या सस्पेन्शनवर संगणकाचा ताबा होता. गाडीची जमिनीपासूनची उंची कायम राखायची, हा त्याचा मुख्य डाव. पुढं १९९४ पासून त्यावर बंदीच आली. रस्त्यावरच्या गाड्यांत त्याचं भावंड म्हणजे चुंबकीय शॉकअप. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, विजेचा प्रवाह सोडला की तेल क्षणात घट्ट होतं. २००२ मध्ये कॅडिलॅकनं ते पहिल्यांदा बाजारात आणलं. पायथ्याशी, तुमच्या शॉकअपला वायर जाते का तेवढं बघून घ्या. जात असेल तर साधे शॉकअप टाकून भागणार नाही, डॅशबोर्डवर दिवा लागून बसेल.

पायथ्याशी

वायर नाही. साधे आहेत.

बंप स्टॉप पाहिले. पुढचे अर्धे कापलेले, मागच्या उजवीकडं नाहीच. तिथं प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली सापडली. का, ते विचारू नका.

शंभरफुटी, मी गाडी सांगलीला घेऊन येतो. फक्त काय काय बदलायचं आणि कोणत्या कंपनीचे घ्यायचे?

शंभरफुटी

हळू या, साठच्या वर नको. आणि हवा आधी ३४ करा.

मूळ उंचीच्या स्प्रिंगा चार. शॉकअप चार. पैशाची ओढ असेल तर एका एक्सलची जोडी आधी, दुसरी नंतर, पण डावा नवा आणि उजवा जुना असं कधीच नाही, ब्रेक लावल्यावर गाडी एकीकडं ओढेल. बंप स्टॉप, धुळीची बुटं आणि पुढचे टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारी बैठक) नवेच. पुढं तुमचा मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप नुसता झटका जिरवत नाही, चाकाला उभंही धरतो आणि स्टिअरिंगबरोबर फिरतोही. वरचं माउंट जुनं ठेवलं तर वळवताना 'कट्ट' वाजत राहील आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

कंपनीचं विचाराल तर मूळ मापाचा सिंगल ट्यूब गॅसचा बघा. साध्या डबल ट्यूबमध्ये तेल आणि वायू एकाच खोलीत असतात, घाटात सलग काम पडलं की फेस येतो आणि फेसातून पिस्टन फुकट फिरतो. सिंगल ट्यूबमध्ये मधे एक तरंगती चकती असते, तेल एकीकडं, दाबातला नायट्रोजन दुसरीकडं. आणि सगळं तेल बाहेरच्या नळीलाच टेकलेलं, त्यामुळं वाऱ्यानं थंडही लवकर होतं. ही कल्पना द कार्बों नावाच्या फ्रेंच माणसाची, बिल्स्टाइननं १९५७ ला ती मर्सिडीजवर घालून कारखान्यात आणली. म्हणजे नवं काही नाही, आपल्याकडं उशिरा पोचलं एवढंच.

स्प्रिंग घरी काढू नका. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर सुटला तर ती स्प्रिंग माणूस मारते. हे मी वाचून सांगत नाहीये.

ऊसाचं टिपरू

फोटो??

कृष्णाकाठची

टिपरूभाऊ, धीर धरा.

शंभरफुटी, मूळ मापाचंच घालायचं तर विम्याचा प्रश्न येत नाही ना? वेगळं काही बसवलं की दावा अडतो असं ऐकते.

शंभरफुटी

मूळ मापाचं असेल तर अडचण नाही. मूळ रचना बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, म्हणून त्या लाल स्प्रिंगा निघतील तेच बरं.

पायथ्याशी

दीड महिन्यानं धागा वर आणतोय. पार्ट यायलाच पाच आठवडे गेले. एक खोका येऊन पडला तो मागच्या शॉकअपचा, दोन्ही डावेच आहेत म्हणून मी रडकुंडीला. शंभरफुटींनी फोनवर सांगितलं की मागं डावा-उजवा एकच असतो. असो.

काम बघायला दिवसभर तिथंच बसून होतो. काढलेले चारही शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिले. दाबा म्हणाले. पुढचा डावा हातपंपासारखा मोकळा, निम्म्यात तर काहीच जोर लागेना. वेल्डिंगवाला उलटा, दोन्ही हातांनी दाबून हलेना आणि एकदा आत गेला तो बाहेरच येईना. मग नवा दिला. दाबला तसा सावकाश आत गेला, सोडला तसा त्याच संथपणानं आपला आपण बाहेर आला. एवढं बघितल्यावर पुढचं काही समजावून घ्यायची गरज राहिली नाही.

एक गोष्ट इथं मुद्दाम लिहितो, कारण मी दुसरीकडं कुठं पाहिली नव्हती. आर्मच्या बुशचे बोल्ट त्यांनी गाडी लिफ्टवर असताना आवळलेच नाहीत, नुसते अडकवले. गाडी चाकांवर उतरवली, पुढं-मागं ढकलली, मग खाली शिरून आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर बुशचं रबर पिळलेल्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम ताणात राहतं आणि वर्षात फाटतं, असं कारण. त्यानंतर अलाइनमेंट. मागचे टायर मात्र वाचले नाहीत, लाटा तशाच राहतात, नवे शॉकअप त्या पुसत नाहीत.

टायर घ्यायचेच होते म्हणून बलाबल सरांना फोन केला. त्यांनी हिशेब करून दिला : २५५/४० आर १८ चा बाहेरचा व्यास १९ इंचीइतकाच, ६६१ मिलिमीटर, पण टायरचा काठ ८९ च्या जागी १०२. तेरा मिलिमीटर रबर जास्त. काटाही खोटं बोलत नाही. १८ ची चाकं कंपनीच या मॉडेलला देत होती, ब्रेकवर बसतात का ते आधी चढवून बघितलं, आणि चारही बदलली. घाटवेडा, माफ करा, दिसायला थोडी कमी टेचदार झाली.

परत येताना पेठ नाका, कराड, उंब्रज करत आलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आनेवाडीला गेलो, काटा ९० वर ठेवला. रस्ता डोलतोय हे अजूनही कळतं, पण गाडी एकदा 'हं' म्हणते आणि बसते. भुईंजच्या पुलावर एक उसळी, संपली. मेव्हणा मोबाइल बघत होता.

गोडोलीला खड्डे आहेत तेवढेच आहेत.

घाटवेडा

माफ केलं. पण कासला एकदा १९ ची घालून या.

शंभरफुटी

पाचशे किलोमीटर झाले की एकदा आणा, टॉप माउंटचे नट परत बघायचेत. स्प्रिंगा नव्या आहेत, थोड्या बसतील, त्यामुळं अलाइनमेंटही पुन्हा तपासू.

पायथ्याशी

रविवारी येतो. येताना कंदी पेढे आणतो.

शंभरफुटी

पेढे नकोत, साखर निघालीय. तुमच्या मेव्हण्यानं त्या दिवशी माझा १८ चा पान्हा डिकीत टाकलाय, तेवढा आणा.

ऊसाचं टिपरू

आणि फोटो.